पहिला शेतकरी आणि आमची टाकी

संडासाच्या विषयावर चारचौघांत बोलायची मला सवय नाही. एकतीस वर्षं मी क्लूनबारा गावच्या पोस्टाचा मास्तर होतो आणि काउंटरवर आलेल्या माणसाशी हवामानाच्या पलीकडे मी कधी गेलो नाही. पण आता आमच्या संडासाची हकीकत चर्चखालच्या सगळ्या गावाला, म्हणजे आमच्या पॅरिशला, सरकारच्या दोन खात्यांना आणि एका विद्यापीठाला तोंडपाठ झालेली असल्यामुळे ती निदान एकदा तरी सभ्य माणसाच्या तोंडून सांगितली जावी, एवढीच माझी इच्छा आहे.

एप्रिलमध्ये पाणी खात्याचा निरीक्षक आला. त्याने आमच्या मागच्या अंगणातल्या सेप्टिक टँकचं झाकण उचललं, आत पाहिलं, आणि नातेवाइकांना बाहेर बोलावणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून झाकण परत ठेवलं.

"टाकीला तडा गेलाय," तो म्हणाला. "आठ आठवड्यांत नवी बसवा."

मी त्याच दिवशी कोलमन गॉनला बोलावलं. कोलमनकडे पॅरिशमधला एकमेव जेसीबी आहे आणि तो त्यावर असा बसतो, जणू बिशपच्या खुर्चीवर बसलाय. त्याने अंगण पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, आधी जुनी काढू की आधी नवी बसवू?"

"नवी बसल्याशिवाय जुनीला हात लावू नका," स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी बायको उना म्हणाली.

आता कुठल्याही कामाची एक पद्धत असते. जुनं काढावं, जागा स्वच्छ करावी, मग नवं आणावं. मी हे उनाला शांतपणे समजावून सांगितलं. तिने खिडकी लावून घेतली. दुपारपर्यंत आमची जुनी टाकी इतिहासजमा झाली होती, आणि त्या वेळी मला वाटलं होतं की आमच्या अंगणात इतिहास एवढाच आहे.

नवी टाकी घरापासून इतक्या अंतरावर, विहिरीपासून तितक्या अंतरावर, रस्त्यापासून आणि शेजाऱ्याच्या कुंपणापासून आणखी तितक्या अंतरावर असावी लागते. ही सगळी अंतरं मोजल्यावर आमच्या अंगणात एकच तुकडा उरला. परवानगीच्या कागदावर तळाशी एक ओळ होती की खोदताना पुराणवस्तू खात्याचा माणूस हजर हवा. आमच्या भागात दर दुसऱ्या टेकडीवर जुन्या लोकांचे दगड उभे आहेत, म्हणून हा नियम. मी कागद नेहमी पूर्ण वाचतो. ही ओळही वाचली होती. तिचा अर्थ कोणीतरी येऊन गाडीत बसून चहा पिईल असा मी घेतला होता.

आली ती डॉक्टर डर्व्हला लिनान. तिशीतली, चिखलाचे बूट, केसांत पेन्सिल. आल्या आल्या म्हणाली, "काळजी करू नका मिस्टर डेव्हनी, शंभरात नव्व्याण्णव वेळा काही सापडत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे." आणि खरोखरच गाडीत बसून तिने थर्मासमधला चहा ओतला.

कोलमनने दोन फूट माती खरवडली असेल नसेल, तोच चहा सांडत डर्व्हलाबाई धावत आल्या. "थांबा! थांबा! बंद करा!"

जेसीबी थांबला. डर्व्हलाबाई गुडघ्यांवर बसल्या, मग पोटावर आडव्या झाल्या. मी वाकून पाहिलं. तपकिरी मातीत तपकिरी रेघा होत्या. काही उभ्या, काही आडव्या.

"हे काय आहे, माहीत आहे तुम्हाला?" बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ओल?" मी म्हणालो.

"नांगराच्या रेघा! लाकडी नांगराच्या. तीन हजार वर्षांपूर्वी इथे कोणीतरी शेत नांगरलंय, मिस्टर डेव्हनी. तुमच्या अंगणात!"

कोलमन खाली उतरला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्तर, वीस वर्षं खोदतोय, मला कधी काही सापडलं नाही. सापडलं तरी सापडलं नाही. तुम्ही हिला चहा पिऊ द्यायला हवा होता."

त्या संध्याकाळी आमच्या अंगणाभोवती पिवळी दोरी लागली आणि त्या दोरीपाशी पॅरिश जमली. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाचं म्हणणं, रविवारी सगळे चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला गेलेले असताना खोदायला हवं होतं. दुसरा म्हणाला, त्या जागी हिरव्या लोकांची, म्हणजे पऱ्यांची वस्ती असणार, माझ्या मामाने असाच उंचवटा खणला आणि त्याची एक गाय आयुष्यभर उलटी चालली. तिसरीने उनाला बाजूला घेऊन आणखी नाजूक प्रश्न विचारला: "पण मग आता तुम्ही जाता कुठे?"

हाच प्रश्न होता.

मी पाणी खात्याला फोन केला. मुदत वाढवून हवी असेल तर अर्ज करा, म्हणाले. अर्जात पहिलाच रकाना होता: नव्या टाकीचा नोंदणी क्रमांक. पुराणवस्तू खात्याकडे खोदायची परवानगी मागितली, तर त्यांच्या अर्जात कामाचा उद्देश विचारला होता आणि समोर चार चौकटी होत्या. निवास, शेती, रस्ता, उपासना. मी निवासावर खूण केली. नऊ दिवसांनी अर्ज परत आला. संडास हा निवासात धरता येत नाही, कारण तिथे कोणी वास्तव्य करत नाही.

"तुझी रोजची बैठक त्यांनी बघितलेली नाही," उना म्हणाली.

दरम्यान विद्यापीठाचे पाच जण उत्खननाला आले आणि त्यांच्याबरोबर एका ट्रकमधून एक निळा फिरता संडास आला. तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा राहिला. वाळवंटात पाणी दिसावं तसा मी त्याच्याकडे चालत गेलो. त्याला कुलूप होतं.

"सॉरी, मिस्टर डेव्हनी," डर्व्हलाबाईंचा चेहरा खरंच पडला. "विमा फक्त कर्मचाऱ्यांचा आहे. तुम्ही आत घसरलात तर मी जबाबदार."

"मी एकोणसत्तर वर्षांत कधी घसरलो नाही."

"स्वयंसेवक म्हणून नाव दिलंत तर चालेल. फक्त सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. पुढचं सप्टेंबरमध्ये आहे."

मे महिना चालू होता.

म्हणजे उरलं एकच घर, दगडी भिंतीच्या पलीकडचं. आणि त्या घरात राहत होता बार्टली हेशन, ज्याच्याशी मी सात वर्षं बोललो नव्हतो.

बार्टली एकटा. साठ मेंढ्या, एक ट्रॅक्टर, आणि पॅरिशमध्ये अजून नांगर धरणारा तो शेवटचा. बाकीच्यांनी जमिनी गवताला दिल्या किंवा त्यावर सुट्टीत येणाऱ्यांसाठी बंगले बांधले. सात वर्षांपूर्वी त्याने परगण्याच्या नांगरणीच्या शर्यतीत नाव दिलं होतं. शर्यतीची तारीख बदलल्याचं पत्र त्याला अकरा दिवस उशिरा मिळालं. तो जाऊन उभा राहिला तेव्हा मैदानात फक्त चाकोऱ्या होत्या. तो पोस्टात आला आणि भर काउंटरवर म्हणाला की पत्र इथेच पडून होतं. मी भर काउंटरवर उत्तर दिलं की माझ्या पोस्टात पत्रं पडून राहत नाहीत, काही लोकांना तारखा वाचता येत नाहीत. लोक हसले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्या प्रकरणात आणखी एक बारीक तपशील आहे, पण तो योग्य वेळी.

उनाचं आणि बार्टलीचं मात्र कधीच बिनसलं नव्हतं. ती त्याला दर आठवड्याला सोडा ब्रेड नेऊन द्यायची, हे मला तेव्हा कळलं. तिने जाऊन विचारलं. तो म्हणाला, "अगं, त्यात काय विचारतेस? दार उघडंच असतं. आणि मास्तरांना सांग, त्यांनी टपालासारखं उशिरा येऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कोट घातला, टाय बांधला, काखेत वर्तमानपत्र घेतलं आणि भिंतीतलं फाटक ओलांडलं. टाय कशाला, असं उनाने विचारलं. माणसाने शरणही नीट कपड्यांत जावं.

बार्टली दारात चहाचा मग घेऊन उभा होता. "या, पोस्टमास्तर, या! डावीकडे. साखळी दोनदा ओढावी लागते. सही कुठे करायची नाही."

सहा आठवडे रोज सकाळी मी हे ऐकलं. कधी "आज रजिस्टर आहे की साधं?" कधी "वजनाप्रमाणे तिकीट लावा हं!" मी एक शब्द उलट बोललो नाही. परतताना मान ताठ ठेवायचो, पण ओल्या गवतातून काखेत वर्तमानपत्र घेऊन ताठ मानेने चालणं किती कठीण असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

इकडे उत्खनन रंगात आलं होतं. एके दिवशी अंगणात आरडाओरडा झाला म्हणून मी धावत गेलो. एक खड्डा सापडला होता.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही!" डर्व्हलाबाई आनंदाने म्हणाल्या. "इथे खांब होता. तो कुजून गेला. हा त्याचा खड्डा." म्हणजे मी खड्डा खणला तर गुन्हा, आणि त्यांना खड्डा सापडला तर शोधनिबंध. पुढच्या आठवड्यात कहर झाला. शेताच्या मातीत त्यांना जुनी घाण सापडली. त्या पहिल्या शेतकऱ्याने घरचा सगळा मैला आणून शेतात टाकला होता म्हणे, खत म्हणून. त्याचे नमुने काचेच्या नळ्यांत भरले, नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची ही बडदास्त, आणि मला शेजारी टोमणे ऐकायला जावं लागत होतं.

पण त्या रेघा डर्व्हलाबाईंना नीट उलगडत नव्हत्या. काही मध्येच तुटत होत्या, काही वाकड्या होत होत्या. त्या डोकं धरून बसल्या होत्या, आणि भिंतीवर कोपर टेकून बार्टली सगळं पाहत होता.

"बैल डावीकडे ओढणारा होता," तो अचानक म्हणाला.

"काय?" बाईंनी मान वर केली.

"बघा ना, प्रत्येक रेघ शेवटी डावीकडे कलते. डावा बैल दमदार, उजवा म्हातारा असणार. आधी उभं नांगरलं, मग आडवं. इथे दगड लागला, त्याने फाळ उचलला, आणि पुढे टेकवला, ही बघा खूण. आणि या कोपऱ्यात बघा, ओली जमीन होती तरी नांगरली. घाई होती बिचाऱ्याला. पाऊस यायचा असेल." जरा थांबून तो म्हणाला, "चांगला हात होता. माझ्या वडिलांचा असाच होता."

बाई भिंत ओलांडून गेल्या आणि त्याचा हात धरून त्याला खड्ड्यात घेऊन आल्या. दोन तास तो बोलत होता आणि पाच विद्वान लिहून घेत होते. मी दोरीबाहेर उभा होतो.

आता आमचे फादर लाव्हेल यात शिरले. शेजारच्या पॅरिशमध्ये एक मोठा दगडी चौथरा आहे, तिथे पर्यटकांच्या बसेस थांबतात, आणि फादरांना ते चौदा वर्षं खुपत होतं. त्यांनी एका रविवारी मिसेनंतर सगळ्या पॅरिशला आमच्या अंगणात आणलं. शंभर-सव्वाशे माणसं शिस्तीने रांगेत खड्ड्यापाशी आली, खाली वाकली, आणि शिस्तीने पुढे गेली.

"सोनं कुठाय?" एका बाईने विचारलं.

"असल्या रेघा तर माझ्या लॉनवर पण आहेत," तिचा नवरा म्हणाला.

फादरांनी भाषण केलं. आपला पहिला शेतकरी किती कष्टाळू, किती श्रद्धाळू होता, शेती हाच आपल्या पॅरिशचा कणा कसा आहे, असं ते म्हणाले. ऐकणाऱ्यांत शेती करणारा एकच होता आणि तो भिंतीपलीकडे मेंढीचं खूर कापत बसला होता. तेवढ्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराने मला विचारलं, "या रेघा ओळखल्या कोणी?"

इथे मला एवढंच म्हणायचं आहे की प्रश्न मोघम होता. मी म्हणालो, "अंगण माझं आहे." त्याने लिहून घेतलं. मी पुढे असंही म्हणालो की बैल डावीकडे ओढणारा असावा.

बुधवारी माझा फोटो छापून आला. मथळा होता, निवृत्त पोस्टमास्तरांनी उलगडलं प्राचीन शेत. फोटो चांगला होता. गुरुवारी सकाळी साडेसातला बार्टलीच्या दाराला कडी होती. मी ठोठावलं. आतून आवाज आला, "आज सुट्टी आहे."

"बार्टली, हे बघ—"

"पुढल्या काउंटरवर जा."

मी जवळजवळ पळतच घरी आलो. त्या दिवशी आम्ही काय केलं, ते मी सांगणार नाही. त्याच दिवशीच्या डाकेने पुराणवस्तू खात्याचं पत्र आलं: आमचं अंगण यापुढे संरक्षित, कायमचं. खोदकाम नाही, टाकी नाही. पाणी खात्याचंही आलं: मुदत संपली, खुलासा करा.

उनाने दोन्ही पत्रं माझ्यासमोर ठेवली. "मॅलकी, टाकी बसू शकेल अशी एकच जागा आहे. भिंतीपलीकडे, त्याच्या शेतात. मी विचारून आले."

"तो काय म्हणाला?"

"देतो म्हणाला, पण एका अटीवर. रविवारी मिसेनंतर चर्चच्या फाटकाशी उभं राहून, त्या पत्राचं काय झालं ते सगळ्यांना मोठ्याने सांग."

"कुठल्या पत्राचं?"

उनाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात असं तिने तीनदाच पाहिलंय.

तर तो बारीक तपशील. पत्र पोस्टातच होतं. वर्गवारीच्या कपाटामागे घसरलं होतं आणि अकरा दिवसांनी झाडताना मला सापडलं. मी त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारला आणि पाठवून दिलं. बार्टली पोस्टात आला तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. समोर सहा माणसं उभी होती, म्हणून सांगितलं नाही. मग सात वर्षं रोज थोडं थोडं सांगितलं नाही.

रविवारी फाटकापाशी मी टोपी काढली. सहा माणसांसमोर जे जमलं नाही, ते आता सव्वाशे माणसांसमोर करायचं होतं. मी सांगितलं. कपाट, अकरा दिवस, शिक्का, सगळं. शेवटी म्हणालो, "आणि बैलाचंही त्यानेच ओळखलं. मी नाही." कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. फादर म्हणाले, "अं... छान," आणि घंटेकडे पाहू लागले.

बार्टली गर्दीतून पुढे आला. मला वाटलं, आता हा हात पुढे करणार. तो म्हणाला, "कोलमन, सोमवारी सकाळी ये. भिंतीला लागून खण." आणि ट्रॅक्टरवर बसून गेला. फाटकातून वळताना त्याने बाहीने नाक पुसलेलं मी पाहिलं. सर्दी असेल.

सोमवारी सगळे जमलो. नियमाप्रमाणे डर्व्हलाबाई हजर होत्या, या वेळी चहाशिवाय. कोलमनने एक फूट माती काढली, दोन फूट काढली. आम्ही सगळे मातीकडे बघत होतो. रेघ दिसू नये म्हणून मी मनात प्रार्थना करत होतो. आणि रेघ दिसली. सरळ, गोल पाठीची, उताराकडे जाणारी.

बाई खाली उतरल्या, खुरप्याने खरवडलं आणि त्यावर नखाने टिचकी मारून पाहिली. मग म्हणाल्या, "पाइप आहे."

"माझ्या वडिलांनी घातलेली मोरी ती," बार्टली घाईने म्हणाला.

"प्लास्टिकची?"

"वडील काळाच्या पुढे होते."

कोलमन पाइपमागून उतारावर चालत गेला आणि ओढ्याच्या काठावर थांबला. तिथून त्याने नाक धरून हात हलवला. बार्टलीच्या घराला टाकीच नव्हती. कधीच नव्हती. त्याचा संडास, म्हणजे गेले सहा आठवडे माझाही, सरळ ओढ्यात जात होता. तोच ओढा पुढे फादरांच्या घरामागून वाहतो, जिथे ते ट्राउट मासे धरतात आणि मोठ्या मनाने वाटतात. मागच्याच शुक्रवारी आम्ही दोन खाल्ले होते. उना एकदम घरात गेली.

बार्टलीने माझ्याकडे पाहिलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे टोमणा नव्हता. माझ्याकडे मात्र चार-पाच एकदम तयार झाले होते, एकेक असा धारदार की वर्तमानपत्रात छापावा. निरीक्षकाला एक फोन केला की पुरे होतं. त्याचा नंबर मला पाठ होता.

"बार्टली," मी म्हणालो, "ही टाकी दोन घरांना पुरेल का रे?"

तो पाइपकडे बघत राहिला. "तुझं माहीत नाही," तो म्हणाला, "मी फार जात नाही."

सात वर्षांत त्याने मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

टाकी दहा दिवसांत बसली. दोन्ही घरांचे पाइप तिला जोडले. निरीक्षक आला आणि म्हणाला, पाणी सोडून दाखवा, मी सही करतो. आम्ही सगळे उघड्या झाकणाभोवती गोल उभे राहिलो: निरीक्षक, कोलमन, डर्व्हलाबाई, बार्टली, मी, आणि ट्राउटबद्दल कोणीच काही न सांगितलेले फादर. आमच्या घरातून उना ओरडली, "सोडू का?"

"सोड!"

सहा माणसं कंबरेत वाकली. कोलमनने टोपी काढली. बराच वेळ काहीच नाही. मग दूर कुठेतरी मातीखाली गुरगुर झाली, जवळ आली, आणि आमच्या पाइपातून पाणी धबाबा टाकीत पडलं. डर्व्हलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"थांबा हं," बार्टली म्हणाला, आणि मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता अशा वेगाने घराकडे पळत सुटला. "माझं यायचंय अजून! कोणी हलू नका!"

निरीक्षकाने पेन खिशात ठेवलं. आम्ही कोणीच जागचे हललो नाही.